सहलीची चिठ्ठी नकार लिहून परत पाठवू नका



दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडू लागली, की तुमच्या मुलाच्या दप्तरातून शाळेची एक चिठ्ठी घरी येते. शैक्षणिक सहल अमुक दिवशी अमुक स्थळी जाणार आहे, वर्गणी इतकी आहे, पालकांनी संमती द्यावी अथवा नकार कळवावा, एवढाच तिच्यातील मजकूर असतो. ही चिठ्ठी किती घरांतून नकार लिहून परत जाते, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. वडील म्हणतात, ह्या महिन्यात पैसे नाहीत. आई म्हणते, पोर लहान आहे, परक्या मुलखात त्याला कोण पाहील? आजी म्हणते, दगडधोंडे पाहून काय मिळणार, त्यापेक्षा घरी बसून अभ्यास कर. मूल काही बोलत नाही. सहलीच्या दिवशी ते घरी राहते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील इतर मुले पाहिलेले सांगू लागली म्हणजे खाली मान घालून ऐकत बसते.

ह्या चिठ्ठीविषयी आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे. तुम्ही नुकताच भगवान बुद्धाचा धम्म स्वीकारला आहे. जुने देव्हारे उतरविले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, सग्यासोयऱ्यांचे टोमणे सोसले. एवढे मोठे पाऊल टाकलेल्या माणसांना सहलीसारखी क्षुल्लक गोष्ट कशाला सांगता, असे तुम्ही विचाराल. माझे उत्तर असे, की ही गोष्ट मुळीच क्षुल्लक नाही. इतरांच्या घरी सहल ही हौस असेल. आपल्या घरी तो झगडून मिळविलेला हक्क आहे, आणि जो हक्क वापरला जात नाही तो हातात राहत नाही.

हक्क कसा, ते पाहा. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या छोट्याशा पुस्तिकेत सांगितले आहेत. ते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पुष्कळ वर्षांनी, १९९० साली, पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतील दोन प्रसंग प्रत्येक आईबापाने वाचावेत असे आहेत, आणि ते दोन्ही प्रवासाचे आहेत.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून बाल भीमराव आपला भाऊ व भाचे ह्यांच्यासह वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावी निघाला. मुलांच्या अंगावर नवे कपडे होते आणि मनात आगगाडीत बसण्याचा आनंद होता. मसूर स्टेशनावर ती उतरली. वडिलांना पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे ह्या अटीवर. शिदोरी बरोबर होती, परंतु पाणी कोणी देईना. ती रात्र मुलांनी तहानेने आणि उपाशीपोटी काढली.

दुसरा प्रसंग १९३४ सालचा. तोवर तो मुलगा बॅरिस्टर झाला होता, गोलमेज परिषदेला जाऊन आला होता. चळवळीतील सहकाऱ्यांनी इच्छा व्यक्त केली, की आपण मिळून प्रेक्षणीय स्थळे पाहावयास जाऊ, आणि त्यांत वेरूळची बौद्ध लेणी अवश्य पाहू. हीही एक सहलच होती. तीसएक मंडळी नाशिकहून निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक तळे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय धुतले, आणि लगेच तळे बाटविल्याचा गिल्ला झाला. शिवीगाळ झाली. मुसलमान होऊन एखादा अस्पृश्य आला तर त्यालाही तुम्ही अडवाल काय, असा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला तेव्हा कोठे जमाव थंडावला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. आत कोठेही ह्या लोकांनी पाण्याला हात लावू नये, एवढेच त्याचे काम होते.

वाचकहो, ह्या दोन प्रसंगांवर विचार करा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला होता. तरीही सात वर्षांनंतर त्या सत्याग्रहाच्या नेत्याला सहलीत पाण्यावर पहारा सोसावा लागला. ज्या देशात पाणी पिता येत नाही, तो देश पाहता येत नाही. आपल्या वाडवडिलांनी आपला मुलूख पाहिला नाही तो हौस नव्हती म्हणून नव्हे. रस्ता, गाडी, धर्मशाळा आणि पाणवठा ही चारही दारे त्यांना बंद होती. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, रस्ते व उपाहारगृहे सर्व नागरिकांना खुली केली आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. तेव्हा कोठे तुमच्या मुलाच्या सहलीचा रस्ता कायद्याने मोकळा झाला. तो अशा रीतीने मोकळा झालेला रस्ता आपणच 'मूल लहान आहे' म्हणून सोडून द्यावा काय?

आता सहल कोठे जावी, ह्याविषयी. मसूरपासून कऱ्हाड फार दूर नाही. कऱ्हाडजवळ आगाशिवचा डोंगर आहे आणि त्या डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली लेणी व पाण्याची टाकी आहेत. ज्या मुलखात १९०१ साली चार मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही, त्याच मुलखात आपल्या धम्मबांधवांनी शेकडो वर्षांपूर्वी काळ्या कातळात पाणी साठविण्याची सोय करून ठेवली होती. कान्हेरीला जा. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि लेण्यालेण्यापाशी पावसाचे पाणी धरून ठेवणारी टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. त्यांतील एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दान दिली, असे तेथील लेख सांगतो. तेथील एक वाट कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने बांधून दिली. राजाने आपले नाव खडकावर कोरविले ह्यात नवल नाही. लोहाराने बांधलेल्या वाटेवर लोहाराचेच नाव राहावे, हे बुद्धाच्या संघातच घडू शकले.

महाराष्ट्राच्या डोंगरांत अशा कष्टकऱ्यांची एक मोठी हजेरी लागलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार करण्यात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचा आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा हात आहे. नाशिकला एक लेणे मुगुदासाने आपल्या परिवारासह दिले. तो कोळी होता, असा त्या लेखाचा अर्थ विद्वानांनी लावला आहे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले, तर दुसऱ्या एका दानासाठी बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवण्यात आली. कोकणातील कुड्याला लेणे देणाऱ्यांत कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. सुतार, लोहार, सोनार, बुरुड, कोळी ही माणसे त्या लेखांत कोणाच्या पायाशी बसलेली नाहीत. ती दाते म्हणून उभी आहेत. शूद्रातिशूद्रांना इतिहास नसतो असे शाळेच्या पुस्तकातून ज्या मुलाच्या मनावर ठसते, त्याला हे लेख दाखविणे म्हणजे त्याच्या पाठीचा कणा ताठ करणे होय.

परंतु हे त्याला दाखवितो कोण? नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत ती कोरली, ही कथा डोंगरोडोंगरी सांगितली जाते. मी स्वतः एका लेण्यात उभा असता, एक गुरुजी चाळीसएक मुलांना तीच कथा सांगताना ऐकले. मुले माना डोलावीत होती. त्यांच्या डोक्यावरच, भिंतीवर, लेण्याच्या दात्याचे नाव ब्राह्मी अक्षरांत स्वच्छ दिसत होते. गुरुजींच्या मनात खोट नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून तेही सांगू शकले नाहीत. एका रात्रीत पांडवांनी कोरले असे म्हटले, की ज्या पाथरवटांनी वर्षानुवर्षे छिन्नी चालविली त्यांचे श्रम आणि ज्यांनी घामाचा पैसा दिला त्यांची नावे, दोन्ही एकाच वाक्यात पुसली जातात. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी एकाचे दर्शन घेण्यास हजारो लोक पायऱ्या चढतात. ज्या खोल्यांच्या दालनात ते उभे राहतात तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे, आणि शेजारीच चैत्यगृह आहे, हे किती जणांच्या लक्षात येते? कोणाच्या श्रद्धेशी आपले भांडण नाही. पण इतिहास इतिहास म्हणून सांगितला जावा, हे मागण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याला आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की मुलाला रिकाम्या मनाने पाठवू नका. सहलीच्या आधी त्याला ब्राह्मी लिपीची, म्हणजेच आपण जिला धम्मलिपी म्हणतो तिची, मुळाक्षरे शिकवा. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली, आणि सम्राट अशोकाचा आवाज पुन्हा जगाला ऐकू आला. ती शिकण्यास पंडित असण्याची गरज नाही. आज आपल्यातील कितीतरी तरुण-तरुणी ती शिकून लेण्यांत जातात आणि मुलांकडून अक्षरे गिरवून घेतात. अशा तरुणांना तुमच्या वस्तीतील विहारात बोलवा. मुख्याध्यापकांना नम्रपणे भेटून सांगा, की सहल जेथे जाणार आहे त्या जिल्ह्यातील एखादे लेणे वा स्तूप कार्यक्रमात घ्यावा आणि माहिती सांगणारा जाणकार आम्ही देतो. अशा विनंतीला सर्वच शाळा नकार देतील असे मानण्याचे कारण नाही. शाळेला वाटाड्या हवाच असतो.

दुसरे सांगणे निसर्गाविषयी आहे. डोंगर, झाड आणि पाणी पाहणे हे बौद्धाच्या मुलाला परके असू नये. तथागताचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला. त्याला ज्ञान लाभले ते पिंपळाखाली, त्याने पहिले प्रवचन दिले ते मृगवनात, आणि त्याचे महापरिनिर्वाण झाले ते दोन शालवृक्षांच्या मध्ये. पावसाळ्यात भिक्खूंच्या चालण्याने कोवळे गवत तुडविले जाते आणि बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा त्याने संघाला वर्षावासाचा नियम घालून दिला. गवताच्या पात्याचा विचार करणारा हा धम्म आहे. कान्हेरीच्या भोवती बोरिवलीचे जंगल आहे. तेथे बिबटे राहतात, आणि काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणारी कारवी उतारावर उभी असते. मुलाला विचारू द्या, की भिक्खूंनी लेण्यांसाठी हाच डोंगर का निवडला, पाणी कोणत्या चरातून कोणत्या टाक्यात येते, आणि हा काळा दगड आला कोठून. सह्याद्रीचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्यावर तळहात ठेवून समजणे वेगळे. चमत्काराची जागा कारणाने घ्यावी, हेच तर आपल्या धम्माचे शिक्षण आहे.

तिसरे सांगणे नाजूक आहे, पण ते टाळून चालणार नाही. पुष्कळ सहलींत एखाददुसरे देवस्थान असते. तेथे मुलांना रांगेत उभे करून आरती म्हणावयास लावले जाते, आणि जे मूल हात जोडीत नाही त्याच्याकडे सर्वांच्या माना वळतात. ह्या भीतीनेही काही पालक सहलीस नकार देतात. मला विचाराल, तर नकार हा त्यावरील उपाय नव्हे. घटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो, की शासनमान्य अथवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत वा तिच्या आवारात होणाऱ्या धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती कोणावरही, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, करता येत नाही. शाळेच्या चार भिंतींत जे तत्त्व लागू आहे, ते शाळेने नेलेल्या सहलीत लागू नसावे असे कोणता समंजस शिक्षक म्हणेल? तेव्हा संमतीपत्राच्या खाली दोन ओळी लिहा: आमचे मूल सहलीस येईल, शिल्प व वास्तू आदराने पाहील, परंतु पूजाअर्चेत भाग घेण्यास त्यास सांगू नये. आणि मुलाला घरी शिकवा, की दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी शांत उभे राहावे, चेष्टा करू नये, आणि कोणी विचारले तर 'आम्ही बौद्ध आहोत' एवढे सरळ मानेने सांगावे. धर्मांतर सभेत जाहीर करणे सोपे असते. दहा वर्षांच्या मुलाने ते एकट्याने सांगणे कठीण असते. त्याच्या पाठीशी तुमची सही असू द्या.

आता पैशाची अडचण. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मजुरीवर जगणाऱ्या घराला सहलीची वर्गणी जड जाते. परंतु मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. १४ एप्रिलला आपल्या वस्तीत किती वर्गणी जमते, आणि त्यांतली किती ध्वनिक्षेपकांवर व रोषणाईवर एका रात्रीत खर्च होते? त्यांतला दहावा हिस्सा 'सहल निधी' म्हणून बाजूला काढला, तर वस्तीतील एकाही मुलाची चिठ्ठी पैशासाठी परत जाणार नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. शालेय सहलीला एस.टी.ची गाडी सवलतीने मिळते. खर्च वाटतो तेवढा मोठा नाही, आणि बाबासाहेबांच्या जयंतीचा पैसा बाबासाहेबांच्याच वाटेवर खर्च करण्याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. शाळेत भेदभाव होऊन मूल मागे ठेवले जात असेल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना भेदभावापासून वाचविण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. लेखी तक्रार करा. तोंडी रडगाण्याची नोंद कोठेच होत नसते.

ज्यांच्या शाळेची सहल लेण्यांकडे जाणारच नाही, त्यांनी हताश होऊ नये. दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो बांधव चैत्यभूमीवर अभिवादनास येतात आणि त्याच रात्री परतीची गाडी पकडतात. मुलांना बरोबर आणले असेल, तर आणखी एक दिवस काढा. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी लोकलने बोरिवलीला उतरून कान्हेरी पाहता येते. विदर्भातील बांधवांनी दीक्षाभूमीला येताना पवनीच्या प्राचीन स्तूपाची अथवा भद्रावतीजवळच्या विजासन लेण्यांची वाट धरावी. मराठवाड्यातील मुलांना बाबासाहेबांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय आणि वेरूळ, अजिंठा एकाच फेरीत दाखविता येतात. मात्र वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. आणि कोकणात महाडला जा. तेथे हमरस्त्यालगत गांधारपाल्याची लेणी आहेत. सकाळी मुलाला ती लेणी व तेथील टाकी दाखवा, आणि दुपारी चवदार तळ्यावर न्या. एकाच गावात आपला जुना इतिहास आणि नवा इतिहास पाण्याच्या काठी शेजारी शेजारी उभे आहेत. त्याला काठावर बसवून १९२७ ची हकीकत सांगा, आणि मग ओंजळीत पाणी घेऊ द्या.

लेण्यांत गेल्यावर मुलांनी भिंतीवर नाव कोरू नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचे नाव तेथे आहे, कारण त्याने काही दिले होते. काही न देता नाव कोरणाऱ्याला आपण काय म्हणावे? धूर वा गलका करू नये, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असतात. केरकचरा परत आणावा. घरी आल्यावर मुलाला गुण किती मिळाले हे विचारण्याऐवजी, पाणी कोठून येत होते आणि दान कोणी दिले होते, हे विचारा. त्याने सांगितलेले आजीला ऐकू द्या. दगडधोंडे पाहून काय मिळते, हे तिलाही कळेल.

बंधूंनो आणि भगिनींनो, १९०१ साली मसूरच्या स्टेशनावर चार मुले ताटकळत थांबली होती, आणि त्यांना न्यावयास कोणी आले नव्हते. आज तुमच्या मुलाला न्यावयास शाळेची गाडी दारात येत आहे. चिठ्ठी काढा, तिच्यावर 'संमती आहे' असे लिहा आणि खाली आपली सही करा. आईला लिहिता येत असेल तर सही आईचीच असावी. जाताना त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली द्या, आणि त्याला सांगा, की वाटेत कोणालाही तहान लागली तर जात न विचारता पाणी दे.

जय भीम.